पाण्याखालचे लोखंड राखणारा जहाजशिल्पी

मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेली एक सागवानी युद्धनौका आज दोनशेहून अधिक वर्षांनीही इंग्लंडमध्ये पाण्यावर तरंगते आहे. खाऱ्या पाण्याखालचे लोखंड कसे राखायचे, हा प्रश्न ज्या काळी युरोपातील नौदलांना छळत होता, त्या काळी मुंबईच्या ज्या कारागिरांनी आपल्या कामातून त्याचे उत्तर दिले, त्यांचे अग्रणी होते जमशेटजी बोमनजी वाडिया.

जहाज बुडते ते वादळामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. लाकडी जहाजांच्या काळात मात्र अनेक जहाजांचे भवितव्य वादळापूर्वीच ठरलेले असे. फळ्या आणि बरगड्या एकमेकींना धरून ठेवणारे लोखंडी बोल्ट आणि खिळे आतल्या आत गंजत. बोल्टचे डोके बाहेरून शाबूत दिसे, पण लाकडाच्या पोटात त्याची कंबर सुईसारखी बारीक झालेली असे. त्याभोवतीचे लाकूडही सडून भोक मोठे होई. शांत समुद्रात असे जहाज कसेबसे तग धरी. मोठ्या लाटांचा मार बसताच त्याचे सांधे सुटू लागत. जहाजावरील शेकडो माणसांचे प्राण अशा न दिसणाऱ्या बोल्टांवर अवलंबून असत. म्हणूनच जहाज बांधणाऱ्याची खरी परीक्षा पाण्याखाली झाकल्या जाणाऱ्या भागात होती.

सुरतेहून मुंबईला

वाडिया घराणे मूळचे सुरतेचे. वाडिया या आडनावाचा अर्थच मुळी जहाज बांधणारा असा आहे. जमशेटजींचे आजोबा लवजी नसरवानजी हे सुरतेच्या गोदीतील निष्णात कारागीर होते. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत स्वतःची जहाजबांधणी सुरू करायची होती. पश्चिम किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा होता आणि कंपनीच्या व्यापाराला संरक्षणासाठी भक्कम जहाजे हवी होती. त्यामुळे १७३६च्या सुमारास लवजी काही निवडक सुतारांसह मुंबईस आले. त्यांच्या देखरेखीखाली गोदीचा विस्तार होत गेला. १७५० साली मुंबईत पहिली सुकी गोदी तयार झाली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की दरवाजे बंद करून त्याचा तळ कोरडा करायचा, अशी ही सोय होती. मुंबई बंदरातील भरती-ओहोटीचा मोठा फरक येथे वरदान ठरला. जहाजाचा पाण्याखालील भाग डोळ्यांनी पाहून दुरुस्त करता येऊ लागला.

अशा घरात १७५४च्या सुमारास जमशेटजींचा जन्म झाला. लवजींनंतर माणेकजी आणि बोमनजी या त्यांच्या दोन मुलांनी गोदीचे काम सांभाळले. त्यांपैकी बोमनजी हे जमशेटजींचे वडील. या घराण्यात कारागिरीचे धडे पुस्तकातून दिले जात नसत. तासणी आणि करवत हाती घेऊन, लाकूड ओळखत आणि वडीलधाऱ्यांचे काम पाहत मुलगा तयार होई. काका आणि वडील यांच्या निधनानंतर १७९२ साली माणेकजींचे पुत्र फ्रामजी आणि जमशेटजी या दोघा चुलत भावांकडे गोदीच्या मुख्य जहाजशिल्पींची जबाबदारी आली. १८०४ साली फ्रामजी निवर्तले आणि पुढील सतरा वर्षे या गोदीची ओळख प्रामुख्याने जमशेटजींच्या नावाशी जोडली गेली.

ओक, लोखंड आणि शाई

इंग्लंडमध्ये जहाजे ओक वृक्षाच्या लाकडाची बनत. ओक मजबूत खरा, पण तो आम्लधर्मी आहे आणि त्यात टॅनिन नावाचे द्रव्य भरपूर असते. ओल्या ओकमध्ये लोखंड ठोकले की या द्रव्याचा लोखंडाशी संयोग होतो आणि निळसर काळा पदार्थ तयार होतो. मराठी वाचकाला ही रासायनिक क्रिया परकी नाही. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई केली जाई. हिरड्यात टॅनिन असते, हिराकशीत लोह. वहीच्या पानावर जे उपयोगी ठरत असे, तेच जहाजाच्या पोटात घातक होते. ओकमधील बोल्टची जणू हळूहळू शाई होत असे.

साग याला अपवाद ठरला. सागवानातील तेलकट द्रव्य लाकडाला पाण्यापासून जपते आणि त्यात ठोकलेल्या लोखंडालाही फारसा त्रास देत नाही. साग लोखंडाला अजिबात अपाय करत नाही, असे म्हणता येणार नाही. पण ओकच्या तुलनेत हा फरक इतका मोठा होता, की सागवानी जहाजातील जुने बोल्ट वर्षानुवर्षांनी काढले तरी बऱ्याच चांगल्या स्थितीत मिळतात, असा लौकिक सर्वदूर पसरला. साग वाळल्यावर फारसा आकसत नाही, वाकत नाही, त्याला वाळवी सहसा लागत नाही. बोल्ट आपल्या भोकात घट्ट राहिला, की पाणी आत झिरपत नाही आणि पाणी झिरपले नाही, की गंजाचा वेगही मंदावतो.

सागाचे हे गुण जमशेटजींनी शोधून काढले असे नव्हे. पश्चिम किनाऱ्यावरील कारागिरांच्या कित्येक पिढ्यांचे ते संचित होते. सुरतेचे सुतार फळीच्या कडेला खाच पाडून त्यात दुसऱ्या फळीची कड बेमालूम बसवत आणि मध्ये राळ व कापूस भरत. जमशेटजींचे मोठेपण हे, की हे संचित त्यांनी जगातील सर्वांत कडक कसोट्या लावणाऱ्या नौदलाच्या युद्धनौकांवर यशस्वी करून दाखवले. मलबारच्या जंगलातून येणाऱ्या सागाच्या ओंडक्यांतून नेमका कोणता कण्यासाठी, कोणता बरगडीसाठी आणि कोणता फळीसाठी, हे ठरवणे मुख्य जहाजशिल्पीचे काम होते. नैसर्गिक वळण असलेला ओंडका बरगडीला मिळाला, तर तोडजोड कमी आणि सांधेही कमी. सांधे कमी म्हणजे बोल्ट कमी आणि गंजाला वाटही कमी.

तांब्याच्या पत्र्याचा पेच

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला नवे वळण लागले. उष्ण समुद्रातील एक शिंपलावर्गीय किडा जहाजांचे तळ पोखरून चाळणी करीत असे. शेवाळ आणि शिंपले चिकटून जहाजाचा वेगही मंदावे. त्यावर उपाय म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा मढवला. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर १७६३ साली तळाची पाहणी झाली. किड्याचा उपद्रव थांबला होता. पण जेथे तांबे लोखंडी खिळ्यांना थेट टेकले होते, तेथील लोखंड झिजून गेले होते. गंमत म्हणजे ज्या ठिकाणी पत्र्याच्या वेष्टनाचा कागद चुकून मध्ये राहून गेला होता, तेथील खिळे शाबूत होते.

खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना भिडले, की त्यांच्यात विद्युतघट तयार होतो आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजतो. तांबे आणि लोखंड यांच्या जोडीत झिजण्याची पाळी लोखंडावर येते. आज शाळकरी मुलांना ठाऊक असलेले हे तत्त्व त्या वेळी अज्ञात होते. व्होल्टाचा विद्युतघटच मुळी १८०० सालचा. त्यामुळे ‘अलार्म’चा धडा पूर्णपणे उमगण्याआधीच ब्रिटनने अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात आरमाराला घाईघाईने तांबे मढवले. पुढे जहाजांचे लोखंडी बोल्ट खिळखिळे झाल्याचे आढळू लागले आणि १७८०च्या दशकात नौदलाला पाण्याखालील लोखंडी बोल्ट काढून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट बसवण्याचा खर्चिक निर्णय घ्यावा लागला.

जमशेटजींच्या हाती मुख्य जबाबदारी आली, ती या सगळ्या गोंधळानंतर. तांबे हवे, कारण सागही त्या किड्यापासून पूर्णतः सुरक्षित नव्हता. पण तांबे आणि लोखंड यांची गाठ पडता कामा नये, हेही आता कळले होते. पत्र्याखालचा तळ नीट घासून-पुसून, फटी पक्क्या बुजवून, दोन धातूंमध्ये अंतर राखून काम करणे हे शिस्तीचे आणि चिकाटीचे काम होते. पत्रा एकदा चढला, की आतील काम कसे झाले हे पुढची अनेक वर्षे कोणाच्याही दृष्टीस पडणार नव्हते. कारागिराच्या सचोटीवाचून दुसरी हमी नव्हती.

विश्वासाची लढाई

एका हिंदी कारागिराच्या हाती राजाच्या नौदलाची जहाजे सोपवावीत काय, हा प्रश्न लंडनमध्ये सहज सुटला नाही. १८०२ साली ब्रिटिश नौदलाने मुंबईत युद्धनौका बांधण्याचे ठरवले, तेव्हा त्या कामावर इंग्रज जहाजशिल्पी पाठवण्याचा विचार होता. मात्र जमशेटजींच्या कामाची माहिती मिळाल्यावर तो सोडून देण्यात आला. थेम्सकाठच्या जहाजबांधणी व्यावसायिकांना हिंदुस्थानातील जहाजांची स्पर्धा नको होती. आपला रोजगार जाईल, ही त्यांची धास्ती होती आणि या विरोधाचे पडसाद तेथील धोरणांवरही उमटत राहिले. दुसऱ्या बाजूला, मुंबईच्या सागरी खात्याचे अधीक्षक राहिलेले विल्यम टेलर मनी यांनी १८११ साली पुस्तक लिहून मुंबईतील सागवानी जहाजबांधणीचा जोरदार पुरस्कार केला. नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे ब्रिटनमध्ये ओकचा तुटवडा होता आणि त्यामुळे या पुरस्काराला वजन प्राप्त झाले.

१८०५ साली तयार झालेल्या आणि पुढे ‘साल्सेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या युद्धनौकेने जमशेटजींचे नाव गाजवले. १८०७ ते १८१० या काळात गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या नावाची नवी सुकी गोदी मुंबईत उभी राहिली. १९ जून १८१० रोजी तेथून ७४ तोफांची ‘मिंडेन’ पाण्यात उतरली. ब्रिटिश नौदलासाठी मुंबईत बांधलेली ही पहिली मोठी लढाऊ नौका होय. त्यानंतर १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’, १८१५ साली ‘वेलस्ली’, १८१७ साली ‘मेलव्हिल’ आणि १८१८ साली ‘मलबार’ अशी ७४ तोफांच्या नौकांची मालिकाच सुरू झाली.

जमशेटजींविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. १८०० साली बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्याच एका आधीच्या जहाजाच्या आतील कण्यावर त्यांनी एक मजकूर कोरून ठेवला होता. गोऱ्यांच्या तोंडी काळ्या माणसासाठी जी शिवी असे, तीच स्वतःला लावून, हे जहाज अशा माणसाने बांधले आहे, असे त्यात नमूद केले होते. बऱ्याच वर्षांनी ते जहाज दुरुस्तीसाठी गोदीत आले, तेव्हा त्यांनी तो मजकूर अधिकाऱ्यांना दाखवला. कथा शब्दशः खरी असो वा नसो, ती इतकी वर्षे टिकून राहिली यातच त्या काळातील अपमान आणि अभिमान या दोहोंचे दर्शन घडते. वरकरणी अदब पाळणाऱ्या या पारशी कारागिराला आपल्या कामाचे मोल पुरते ठाऊक होते.

कंपनीनेही ते मोल मान्य केले. लंडनच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयातील त्यांच्या तैलचित्रात पांढरा अंगरखा, डोक्यावर पगडी आणि कमरबंदात खोवलेली चांदीची मोजपट्टी दिसते. ही मोजपट्टी कंपनीने त्यांच्या सेवेचा गौरव म्हणून दिली होती. तलवारीऐवजी मोजपट्टी मिरवणारा हा माणूस युद्धनौका घडवीत होता.

चांदीचा खिळा

जमशेटजींच्या कारकिर्दीतील सर्वांत भाग्यवान जहाज म्हणजे ‘त्रिंकोमाली’. तिच्या बांधणीचे नकाशे ‘जावा’ या नौकेतून मुंबईकडे निघाले होते. पण १८१२च्या डिसेंबरात अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पाडाव केला आणि नकाशे गेले. नव्या प्रती येईपर्यंत काम लांबले. अखेर १८१६च्या एप्रिलमध्ये पारशी प्रथेनुसार तिच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकून आरंभ झाला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली.

त्यानंतर जमशेटजींनी ‘गँजेस’ या ८४ तोफांच्या विशाल नौकेचे काम हाती घेतले. ते पूर्ण झालेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ३१ ऑगस्ट १८२१ रोजी त्यांचे निधन झाले. अवघ्या दहा आठवड्यांनी, १० नोव्हेंबर रोजी ‘गँजेस’ पाण्यात उतरली. त्यांचे पुत्र नवरोजी यांनी गोदीचा वारसा पुढे चालवला. नवरोजींनी बांधलेली ‘एशिया’ ही नौका १८२७ साली नव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीची ध्वजनौका होती.

जमशेटजींच्या पश्चात तीनच वर्षांनी, १८२४ साली, विख्यात रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही यांनी पाण्याखालील धातूच्या झिजेचे शास्त्र उलगडले. तांब्याला लोखंडाचा किंवा जस्ताचा तुकडा जोडला, तर तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. ‘अलार्म’चे खिळे ज्या नियमाने नष्ट झाले, तोच नियम त्यांनी रक्षणासाठी वापरला. योगायोग असा, की ज्या नौकेवर या उपायाची महत्त्वाची चाचणी झाली, ती ‘समरंग’ हीदेखील भारतीय होती. कोचीच्या गोदीत सागवानापासून ती बांधण्यात आली होती. तिच्या तांब्याच्या पत्र्याला बिडाचे तुकडे जोडण्यात आले आणि सफरीनंतर तांबे जवळजवळ जसेच्या तसे आढळले. पण तांबे विरघळायचे थांबताच शिंपले आणि शेवाळ पुन्हा चिकटू लागले. त्यामुळे नौदलाने हा उपाय गुंडाळून ठेवला.

पुढे जहाजेच लोखंडाची आणि पोलादाची झाली, तेव्हा डेव्हींचे तत्त्व पुन्हा कामी आले. जमशेटजींचे नातू जहांगीर नवरोजी आणि त्यांचे आप्त हिरजीभाई मेरवानजी हे १८३८ साली विलायतेतील जहाजबांधणी शिकण्यासाठी गेले, ते याच बदलाच्या उंबरठ्यावर. आज पोलादी जहाजाच्या तळाला, सुकाणूला आणि पंख्याजवळ जस्ताचे किंवा अॅल्युमिनियमचे ठोकळे बसवतात. ते स्वतः झिजतात आणि पोलादाला वाचवतात. ठरावीक काळाने ते बदलले, की जहाज पुन्हा सुरक्षित. सोबत रंगाचे जाड थर असतातच. रंग पाण्याला दूर ठेवतो आणि रंगाला जेथे ओरखडा पडतो, तेथे ठोकळा राखण करतो.

हा प्रश्न केवळ समुद्रकाठचा नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या परभणी जिल्ह्यात पूर्णा नदीवरील येलदरीच्या धरणाचे किंवा गोदावरीवरील बंधाऱ्यांचे पोलादी दरवाजेही सतत पाण्याच्या संगतीत असतात. गोड्या पाण्यात गंजण्याचा वेग खाऱ्या पाण्याहून कमी. पण पाणी आणि प्राणवायू जेथे एकत्र येतात, तेथे पोलादावर गंजाचे सावट असतेच. पाण्याच्या पातळीच्या रेषेवर त्याचा मारा अधिक असतो. तेथेही पोलाद घासून रंगवणे आणि वेळोवेळी तपासणे याला पर्याय नाही.

काळाची कसोटी

कारागिराच्या कामावर अखेरचा निकाल काळच देतो. ‘मिंडेन’ने हाँगकाँगमध्ये तरंगते रुग्णालय म्हणून सेवा बजावली आणि १८६१ साली ती विकली गेली. १८१३च्या ‘कॉर्नवॉलिस’वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी ब्रिटन आणि चीन यांच्यात नानकिंगचा तह झाला; ही नौका थेट १९५७ साली मोडीत निघाली, म्हणजे १४४ वर्षांनी. ‘गँजेस’ने प्रशिक्षण नौका म्हणून नौसैनिकांच्या पिढ्या घडवल्या, ती १९३०च्या सुमारास मोडण्यात आली. ‘वेलस्ली’ गंजामुळे नव्हे, तर बॉम्बमुळे गेली. थेम्स नदीत उभी असताना १९४०च्या सप्टेंबरात जर्मन विमानांच्या हल्ल्यात तिला जलसमाधी मिळाली. तेव्हा तिचे वय १२५ वर्षे होते.

यांतील बहुतेक नौका आयुष्याची उत्तरार्धातील अनेक वर्षे बंदरातच उभ्या होत्या, हे मान्य करायला हवे. ओकच्याही काही नौका जतन करण्यात यश आले आहे. तरीही ब्रिटनच्या अजून तरंगणाऱ्या युद्धनौकांमध्ये सर्वांत जुनी आहे ती मुंबईची ‘त्रिंकोमाली’. १८९७ साली एका हौशी धनिकाने तिला भंगारात जाण्यापासून वाचवले आणि ‘फूद्रोयाँ’ या नावाने ती प्रशिक्षणासाठी वापरली गेली. १९९० ते २००१ या काळात हार्टलपूल येथे तिची साक्षेपाने डागडुजी झाली आणि १९९२ साली तिला मूळ नाव परत मिळाले. आज ती तेथील संग्रहालयाची शान आहे.

मुंबईत लायन गेटच्या आत, नौदलाच्या गोदीत, डंकन डॉक आजही आहे. हार्टलपूलच्या त्या नौकेत मात्र मलबारचा साग आणि मुंबईच्या हातांचे काम आहे. पाण्याखालचे जे काम कोणी पाहणार नव्हते, तेही चोख करणाऱ्या जमशेटजी बोमनजी वाडिया यांचे याहून बोलके स्मारक दुसरे नसावे.